स्क्रिप्ट समोर दिसते, तरी टर्मिनल म्हणतं "नो सच फाइल" : काय तपासायचं?

नोंदवही

नमस्कार. उबुंटू २२.०४ चा सर्व्हर आहे. वाचनालयाच्या नोंदींच्या पाच फोल्डरांचा रोज बॅकअप घेणारी एक बॅश स्क्रिप्ट विंडोजच्या लॅपटॉपवर लिहून सर्व्हरवर कॉपी केली आहे. स्क्रिप्टमध्ये एक फॉर लूप, त्यात फोल्डर आहे का ते बघणारी दुहेरी चौकटी कंसांची अट आणि टारची (फोल्डर एका फाइलीत बांधणाऱ्या कमांडची) एक ओळ, एवढंच आहे. काय केलं आणि काय आलं ते क्रमाने देते:

१. नुसतं नोंदी.एसएच टाइप केलं. उत्तर: "कमांड नॉट फाउंड".
२. ./नोंदी.एसएच टाइप केलं. उत्तर: "परमिशन डिनाइड".
३. सीएचमॉड ७७७ करून पुन्हा तेच. उत्तर: "बॅश: ./नोंदी.एसएच: /बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".
४. एसएच नोंदी.एसएच असं चालवलं. उत्तर: "सिंटॅक्स एरर: वर्ड अनएक्स्पेक्टेड (एक्स्पेक्टिंग "डू")".

एलएस केलं की फाइल दिसते. /बिन/बॅश सुद्धा जागेवर आहे. मग "नो सच फाइल" कशाबद्दल?

शेलकर

चारही संदेश जसेच्या तसे दिलेत हे फार बरं केलंत. "चालत नाही" एवढंच लिहिलं असतं तर कोणालाच काही सांगता आलं नसतं. (या धाग्यात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

काहीही बदलायच्या आधी एकच बघायचं: तक्रार कोण करतंय? शेल (टाइप केलेल्या कमांड वाचणारा प्रोग्राम), कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), की स्क्रिप्ट वाचणारा इंटरप्रिटर? तुमच्या चार संदेशांमागे तीन वेगळी कारणं आहेत.

पहिला संदेश शेलचा. नावात तिरकी रेघ नसेल तर शेल फक्त पाथ या चलातल्या फोल्डरांत शोधतं. आपण उभे आहोत तो फोल्डर त्यात नसतो आणि तो मुद्दामच ठेवलेला नसतो, नाहीतर कोणी फोल्डरात एलएस नावाची खोटी फाइल टाकली तर तीच चालेल. म्हणून ./ लावायचं. याचा एक्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा) १२७.

दुसरा संदेश म्हणजे फाइल सापडली पण एक्स बिट, म्हणजे चालवायची परवानगी, नाही. एक्झिट कोड १२६. कुठलीही कमांड फसली की लगेच एको $? करून हा आकडा बघायची सवय लावा. १२७ आला तर नाव किंवा पाथ तपासायचा, १२६ आला तर परवानगी.

तिसरा संदेश खरा दोषी दाखवतो. ^एम नीट बघा. फाइलच्या पहिल्या ओळीत #! च्या पुढे जे लिहिलंय तो प्रोग्राम कर्नेल शोधतं. विंडोजमध्ये ओळ संपते ती दोन बाइटांनी, ०डी (सीआर) आणि ०ए (एलएफ). लिनक्समध्ये फक्त ०ए. त्यामुळे ०डी हा बाइट कर्नेलच्या दृष्टीने नावाचाच भाग झाला आणि ते "/बिन/बॅश" च्या मागे एक अदृश्य अक्षर चिकटलेली फाइल शोधू लागलं. अशी फाइल खरोखरच नाही. संदेश बरोबर आहे, फक्त तो तुमच्या स्क्रिप्टबद्दल नाही, इंटरप्रिटरबद्दल आहे.

चौथ्यातही तोच ०डी. "डू" च्या मागे तो चिकटला, म्हणून शेलला "डू" हा शब्द ओळखू आला नाही.

बाइटमोजणी

शेलकरांच्या म्हणण्याची खात्री अशी करून घ्या. या तिन्ही कमांड फाइल फक्त वाचतात, काही बदलत नाहीत:

फाइल नोंदी.एसएच : उत्तरात "विथ सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स" असं आलं की संपलं.
कॅट -ए नोंदी.एसएच (ए कॅपिटल) : प्रत्येक ओळीच्या शेवटी नुसतं $ हवं. ^एम$ दिसलं तर ०डी आहे.
हेड -एन १ नोंदी.एसएच, आणि पाइपने पुढे एक्सएक्सडी (हे बाइटांचे आकडे दाखवतं) : पहिले दोन बाइट २३ २१ हवेत. म्हणजेच # आणि !.

शेवटचं का सांगतोय? कधी कधी फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट निघतात. हा बीओएम. काही एडिटर यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना तो घालतात. डोळ्याला पहिली ओळ अगदी शुद्ध दिसते, पण #! पहिल्या दोन बाइटांवर नसल्यामुळे कर्नेल ती ओळखत नाही. मग शेल स्वतःच स्क्रिप्ट वाचायला घेतं आणि पहिल्या ओळीवर "#!/बिन/बॅश: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" असा चमत्कारिक संदेश देतं. एरवी शेरा म्हणून सोडून द्यायची ओळ शेल कमांड म्हणून चालवू बघतं, कारण # च्या आधी तीन बाइट बसलेत.

दुरुस्ती: डॉसटूयूनिक्स नोंदी.एसएच. हे साधन नसेल तर एपीटीने त्याच नावाचं पॅकेज टाका. ते ०डी काढतं आणि बीओएमही काढतं. विम वापरत असाल तर :सेट एफएफ=युनिक्स करून सेव्ह करा. मात्र बीओएम त्याने जात नाही, त्यासाठी :सेट नोबॉम्ब लागतं.

उत्तररात्र

सर्व्हरवर एकदा दुरुस्त केलं आणि लॅपटॉपवरची मूळ फाइल तशीच राहिली, तर पुढच्या वेळी कॉपी केल्यावर रोग परत येणार. मुळाशी जा. व्हीएस कोडमध्ये उजव्या कोपऱ्यात खाली "सीआरएलएफ" लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून "एलएफ" निवडा. नोटपॅड++ मध्ये एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन आहे. विंडोजचं साधं नोटपॅडही २०१८ पासून नुसत्या एलएफच्या फाइल नीट दाखवतं, त्यामुळे आता सीआरएलएफला चिकटून राहायचं काही कारण नाही.

गिट वापरत असाल तर विंडोजवर कोअर.ऑटोसीआरएलएफ ट्रू असलं की चेकआउट करताना गिटच ०डी घालतो. भांडारात .गिटअॅट्रिब्यूट्स नावाची फाइल ठेवून त्यात एक ओळ घाला: *.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ. मग कोणाच्या यंत्रावर काय सेटिंग आहे याची फिकीर नको.

आणखी एक. ०डी असलेली स्क्रिप्ट अर्धवट चालली असेल तर एलएस -बी करून फोल्डर बघा. ">" ने तयार झालेल्या फाइलींच्या नावाच्या शेवटी \आर चिकटलेलं सापडेल. नंतर कोणी त्या फाइल शोधल्या तर मिळत नाहीत, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

पीळदार

७७७ बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. सीएचमॉड ७७७ ने "परमिशन डिनाइड" गेलं खरं, पण ते यू+एक्स (फक्त मालकाला चालवायची परवानगी) नेही गेलं असतं. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही ती फाइल बदलता येते. उद्या ती स्क्रिप्ट रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) लागली की कोणीही त्यात एक ओळ घालून रूटच्या अधिकाराने काहीही चालवू शकेल. ७५० पुरे, फार तर ७५५.

आणि एक्स बिट असूनही "परमिशन डिनाइड" आलं तर पुन्हा ७७७ मारू नका. तीन जागा बघा.

एक, वाटेतला फोल्डर. फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरावर एक्स हवा. नेमआय -एल आणि पूर्ण पाथ दिला की एकेका पायरीची परवानगी एकाखाली एक छापून येते. कुठे अडलं ते एका नजरेत कळतं.

दोन, माउंट. फाइंडएमएनटी -टी . (टी कॅपिटल, पुढे टिंब) केलं की पर्यायांत "नोएक्झेक" (इथून काही चालवायचं नाही) आहे का दिसेल. कडक बंदोबस्ताच्या सर्व्हरवर /टीएमपी असं ठेवतात. तिथे सीएचमॉडचा काही उपयोग नाही. बॅश नोंदी.एसएच असं चालवलं तर चालेल, कारण तेव्हा फाइल नुसती वाचली जाते.

तीन, वाचायची परवानगी. स्क्रिप्टला एक्स आहे पण आर नाही, तर कर्नेल इंटरप्रिटर सुरू करतं आणि इंटरप्रिटरलाच फाइल उघडता येत नाही. इथे संदेशाची सुरुवात बघा. "बॅश: ./नोंदी.एसएच: परमिशन डिनाइड" आलं तर तुमचं चालू शेल बोलतंय. "/बिन/बॅश: ./नोंदी.एसएच: परमिशन डिनाइड" आलं तर नव्याने सुरू झालेला इंटरप्रिटर बोलतोय. फरक पाच अक्षरांचा, पण सगळं निदान त्यात आहे.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी: /एमएनटी/सी खालच्या फाइलींवर मेटाडेटा पर्याय चालू नसेल तर सीएचमॉडने एक्स बिट बदलतच नाही. स्क्रिप्ट होम फोल्डरात ठेवा.

नोंदवही

सगळ्यांचे आभार. कॅट -ए मध्ये प्रत्येक ओळीला ^एम$ होतं. डॉसटूयूनिक्स केलं. आता ./नोंदी.एसएच सुरू होते. पण:

अ. एसएच नोंदी.एसएच असं चालवलं तर "[[: नॉट फाउंड" येतं. ./ ने येत नाही.
ब. पाचांपैकी चार फोल्डर होतात. पाचव्याचं नाव "दुसऱ्या मजल्यावरची पुस्तकं". तिथे "टार: दुसऱ्या: कॅनॉट स्टॅट: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी", मग "मजल्यावरची" आणि "पुस्तकं" साठीही तेच.

शेलकर

अ चं उत्तर सोपं. एसएच नोंदी.एसएच म्हटलं की #! ची ओळ बाजूला पडते, कारण इंटरप्रिटर कोण हे तुम्हीच ठरवलंत. उबुंटूवर /बिन/एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० आवृत्तीत हा बदल केला. डेबियननेही नंतर तेच केलं. डॅश लवकर सुरू होतं, पण दुहेरी चौकटी कंस, अॅरे, सोर्स हा शब्द हे बॅशचे खास अलंकार त्याला येत नाहीत. एकतर ./ ने चालवा, नाहीतर बॅश नोंदी.एसएच म्हणा.

मॅकवाल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. तिथे कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, टर्मिनलचं नेहमीचं शेल झेडशेल आहे आणि /बिन/बॅश अजून ३.२ आवृत्तीचा आहे. डिक्लेअर -ए (ए कॅपिटल) वापरणारी स्क्रिप्ट बॅश ४ मागते, ती तिथे पडते.

ब साठी: टारच्या ओळीत चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हं नाहीत. शेलने मोकळ्या जागेवर नाव तोडलं आणि टारला तीन वेगळी नावं मिळाली. "$फोल्डर" असं अवतरणात घाला. शेलचेक नावाचं साधन हे लगेच पकडतं, क्रमांक एससी२०८६. ०डी असेल तर एससी१०१७. कुठलीही स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकण्याआधी शेलचेकमधून काढा, अशी माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

नोंदवही

अवतरणचिन्हं घातली. आता संदेश एकच येतो: "टार: दुसऱ्या मजल्यावरची पुस्तकं: कॅनॉट स्टॅट: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". एलएसमध्ये फोल्डर दिसतो, अक्षर न् अक्षर तेच आहे. स्क्रिप्टमध्ये नाव हाताने टाइप केलं होतं.

बाइटमोजणी

डोळ्याला तेच, बाइटांना नाही. मराठी नावांत हा घोटाळा ठरलेला आहे आणि तो जवळजवळ नेहमी "ऱ्या" पाशी होतो. "दुसऱ्या" हा शब्द निदान तीन प्रकारे साठवला जातो:

एक: ऱ (यू+०९३१), हलन्त, य, काना. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की हा येतो.
दोन: साधा र (यू+०९३०), हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी), य, काना. काही फोनेटिक कीबोर्ड हा देतात.
तीन: साधा र, खाली नुक्ता (यू+०९३सी), हलन्त, य, काना.

पडद्यावर तिन्हींना तोच अर्धा र दिसतो. फाइलसिस्टिमला मात्र ही तीन वेगळी नावं आहेत. मोजून बघा. प्रिंटएफ ने फक्त "दुसऱ्या" हा शब्द छापा, शेवटी नवी ओळ नको, आणि पाइपने डब्ल्यूसी -सी ला द्या. द, उकार आणि स यांचे नऊ बाइट. पहिल्या प्रकारात पुढे बारा, एकूण २१. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पुढे पंधरा, एकूण २४. मग २४ मधला कोणता हे एक्सएक्सडीमध्ये बघा: ई२ ८० ८डी दिसलं तर जोडक, ई० ए४ बीसी दिसलं तर नुक्ता.

एकदा फोल्डराचं नाव (एलएसमधून पाइपने) आणि एकदा स्क्रिप्टमधली ओळ (ग्रेपने काढून) एक्सएक्सडीला द्या, दोन्ही शेजारी ठेवा.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की तिसरा प्रकार पहिल्यात बदलतो. दुसरा बदलत नाही, कारण जोडकाला ते हात लावत नाही. त्यामुळे "एनएफसी केलं, आता काळजी नाही" असं समजू नका.

नोंदवही

फोल्डरात २१, स्क्रिप्टमध्ये २४, आणि ई२ ८० ८डी आहे. फोल्डराचं नाव बदलता येणार नाही, दुसरे लोकही तो वापरतात.

बाइटमोजणी

मग नाव टाइपच करू नका. दोन रस्ते आहेत. टर्मिनलवर "दु" टाइप करून टॅब दाबा, शेल खरं नाव पूर्ण करेल, ते उचलून स्क्रिप्टमध्ये चिकटवा. किंवा नावांची यादीच काढून टाका: फॉर लूपला मूळ फोल्डराचा पाथ आणि पुढे /*/ द्या. शेवटच्या तिरक्या रेघेमुळे फक्त फोल्डर येतात आणि नावं थेट डिस्कवरून येतात. उद्या सहावा फोल्डर आला तरी स्क्रिप्ट बदलावी लागणार नाही. मला दुसरा रस्ता जास्त पटतो.

टारच्या संदेशात कधी मराठीऐवजी \३४०\२४४ अशी माळ दिसली तर घाबरू नका. ते तेच बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नाही एवढाच त्याचा अर्थ.

मराठी कीबोर्ड चालू ठेवून स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी तीन सापळे:

दंड आणि पाइप. काही लिप्यंतर पद्धतींत पाइपची कळ दाबली की "।" उमटतो. फाँट साधा असेल तर "|" आणि "।" यांत फरक कळत नाही. शेलला मात्र तो कमांडला दिलेला साधा शब्द वाटतो. ई० ए५ ए४ शोधा.

चिकट मोकळी जागा. वेबपानावरून किंवा वर्डमधून कॉपी केलेल्या ओळीत साध्या स्पेसऐवजी सी२ ए० असतो. अख्खी ओळ एकच शब्द ठरते आणि "कमांड नॉट फाउंड" येतं. तसंच वाकडी अवतरणचिन्हं आणि दोन आडव्या रेघांची झालेली एक लांब रेघ. कॅट -ए मध्ये हे सगळं एम- ने सुरू होणाऱ्या चिन्हांच्या रूपात दिसतं.

देवनागरी अंक. बॅशच्या तुलनेत ५ आला की "इंटीजर एक्स्प्रेशन एक्स्पेक्टेड" म्हणून निदान ओरडतं तरी. पायथनचा इंट तो बिनतक्रार वाचतो. ऑक मात्र चुपचाप शून्य धरतो, आणि सॉर्ट -एन सुद्धा. बेरीज चुकते आणि कुठेच संदेश येत नाही, म्हणून हा सगळ्यांत वाईट. अंक बदलायला टीआर वापरू नका, ग्नूचं टीआर बाइटागणिक चालतं. सेडची वाय ही आज्ञा वापरा, पण यूटीएफ-८ लोकॅलमध्येच.

अजगर३

पायथनच्या स्क्रिप्टचंही सांगतो, कारण पुढे कोणीतरी हाच धागा शोधत येईल.

उबुंटू २०.०४ पासून नुसती "पायथन" ही कमांड मुळात नसते, "पायथन३" असते. #! च्या ओळीत /यूएसआर/बिन/एनव्ही पायथन३ लिहा. त्या ओळीत एनव्हीनंतर जे काही असेल ते लिनक्स एकच शब्द म्हणून देतं, त्यामुळे "पायथन३ -यू" लिहिलं तर त्या पूर्ण नावाचा प्रोग्राम शोधला जातो. २०१८ च्या कोअरयूटिल्स ८.३० पासून एनव्ही -एस (एस कॅपिटल) ने हे सुटतं.

"मॉड्यूल नॉट फाउंड" आलं की आधी कोणता पायथन चालतोय ते बघा: टाइप -ए पायथन३. पिप (मॉड्यूल टाकणारं साधन) एकाचा आणि पायथन दुसराच, हे वारंवार होतं. म्हणून नुसतं पिप न म्हणता पायथन३ -एम पिप म्हणा. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप काही टाकू देत नाही, "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणतं. ते मोडून काढायचा पर्याय आहे, पण तो वापरू नका. व्हीएनव्ही (त्या कामापुरता वेगळा पायथनचा फोल्डर) करा.

आणि व्हीएनव्हीचा फोल्डर दुसरीकडे हलवू नका. त्यातल्या पिपसारख्या फाइलींच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ कोरलेला असतो. हलवला की "बॅड इंटरप्रिटर". नव्या जागी नवा करा.

खिडकीवाला

विंडोजची बाजू थोडक्यात. पॉवरशेलमध्ये "रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड ऑन धिस सिस्टिम" आलं तर स्क्रिप्टमध्ये दोष नाही, एक्झिक्यूशन पॉलिसी आड येतेय. गेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -लिस्ट केलं की पाच पातळ्या दिसतात. वरच्या दोन, मशीनपॉलिसी आणि यूजरपॉलिसी, ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून येतात. तिथे काही लिहिलेलं असेल तर तुमच्या हातात नाही, प्रशासकाशी बोला. नसेल तर सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड. अनरिस्ट्रिक्टेड करायची गरज नसते. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल असेल तर ती वाचून, खात्री करून मग अनब्लॉक-फाइल.

बीओएमचा नियम इथे नेमका उलटा आहे. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ बीओएम नसलेली फाइल जुन्या एएनएसआय कोडपेजमध्ये वाचतं, त्यामुळे स्क्रिप्टमधली मराठी अक्षरं फुटतात. त्यासाठी "यूटीएफ-८ विथ बीओएम" असं सेव्ह करा. पॉवरशेल ७ ला त्याची गरज नाही.

"पायथन" टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये "अॅप एक्झिक्यूशन एलियासेस" मधले पायथनचे दोन स्विच बंद करा, किंवा पीवाय ही कमांड वापरा.

नोंदवही

/*/ वाला बदल केला, पाचही फोल्डर होतात, एक्झिट कोड ०. मग फाइल /ईटीसी/क्रॉन.डेली मध्ये ठेवली. दोन दिवस झाले, बॅकअप तयार नाही. हाताने चालवली की होतो. लॉगमध्ये चूक अशी काही नाही.

उत्तररात्र

नाव अजून नोंदी.एसएच आहे का? डेबियन आणि उबुंटूवर हा फोल्डर रन-पार्ट्स नावाचा प्रोग्राम चालवतो आणि तो फक्त अक्षरं, अंक, अधोरेघ आणि जोडरेघ असलेली रोमन नावं घेतो. नावात टिंब असलं की फाइल गपचूप वगळतो, म्हणून लॉग कोरा. नुसतं "नोंदी" ठेवा. मग रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली करा, यादीत नाव आलं तरच ती चालणार.

नाव बदलल्यावर पुढची अडचण येण्याआधीच सांगतो. क्रॉनमध्ये ती रूट म्हणून चालेल, म्हणजे ~ चा अर्थ /रूट होईल. सगळे पाथ / पासून पूर्ण लिहा. पाथ हे चल तुमच्या टर्मिनलइतकं भरलेलं नसतं, म्हणून नेहमीच्या जागेबाहेर स्वतः टाकलेलं काही वापरत असाल तर स्क्रिप्टच्या वरच पाथ ठरवा. तिथेच एलएएनजी=सी.यूटीएफ-८ एक्स्पोर्ट करा. आणि एक्झेक ने सगळं आउटपुट एका लॉग फाइलकडे वळवा, २>&१ सह, म्हणजे पुढच्या वेळी अंधारात चाचपडायला नको.

सकाळी ६:२५ ऐवजी वेळ स्वतः ठरवायची असेल तर क्रॉनटॅबमध्ये ओळ घाला. पण तिथे तारखेसाठी % लिहू नका. क्रॉनटॅब पहिल्या % वर कमांड संपली असं मानतं आणि पुढचं सगळं तिला इनपुट म्हणून देतं. \% लिहा, नाहीतर तारखेचा भाग स्क्रिप्टच्या आतच ठेवा. शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा, तोही विसरू नका.

क्रॉनसारखी रिकामी परिस्थिती हाताने तयार करून आत्ताच तपासता येते: सुडो एनव्ही -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ (पाथ हे चलाचं नाव कॅपिटल अक्षरांत). यात चालली तर पहाटेही चालेल.

नोंदवही

टिंबच होतं. नाव बदललं, --टेस्ट मध्ये दिसलं. एनव्ही -आय खाली पहिल्यांदा पडली, कारण एक पाथ ~ ने सुरू होत होता. तो पूर्ण लिहिला. आज सकाळी ६:२५ ला फाइल तयार झाली. टार -टीझेडएफ ने यादी काढून फोल्डर मोजले, पाच आहेत, "दुसऱ्या मजल्यावरची पुस्तकं" सुद्धा.

पीळदार

छान. त्या यादीवर थांबू नका, एक फोल्डर /टीएमपी मध्ये खरोखर उलगडून डिफ -आर ने मूळाशी ताडून बघा. आणि फाइल आता रूट चालवतोय. ७७७ अजून तसंच आहे का?

नोंदवही

होतं. आत्ता ७५० केलं, मालक रूट. डिफ -आर ने काहीच छापलं नाही, म्हणजे दोन्ही सारखे.